कुडवणचा वाढणारा देव

गीताबाई गेल्याचं काळूरामला कळलं, तो दिवस कुडवण गावाच्या दृष्टीनं मोठ्या आनंदाचा होता.

सकाळपासून डोंगराच्या वाटेवर रीघ लागली होती. आषाढातला पाऊस रात्रभर कोसळून जरा दम घ्यायला थांबला होता, आणि वरून निरोप आला होता की देव एका रात्रीत हातभर वाढला. टोकावड्याहून जीप भरभरून माणसं येत होती. बायका ओल्या लुगड्यांनी चढत होत्या, पाय घसरत होते, तरी हातातला नारळ कोणी सोडत नव्हतं. वर उतारावर तो भला मोठा गोल दगड, अर्धा शेंदरानं माखलेला. शेंदराच्या शेवटच्या रेघेखाली त्याचा कधी कोणी न पाहिलेला मातकट भाग रात्रीतून उघडा पडला होता. शंभूगिरी महाराज तिथं बोट ठेवून उभे होते.

"रात्री देवानं उसासा टाकला," महाराज सांगत होते. "ह्या कानांनी ऐकला. जमीन थरारली. मी म्हटलं, देवा, जरा सबुरीनं. गावाला पेलवायला पाहिजे."

लोकांनी हात जोडले. गावाला पेलवायला पाहिजे, हे सगळ्यांना पटलं.

त्याच गर्दीत काळूराम बायकोला शोधत होता. ती उजाडायच्या आधी घरातून निघाली होती. राबातली, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यातली, भाताची रोपं पिवळी पडली होती म्हणून देवाच्या पायथ्याची ओंजळभर माती आणून वाफ्यात टाकायची, एवढंच तिचं काम. शेजारची सावळी म्हणाली, गीताबाई तिच्या पुढं निघाली, पण सावळी वर पोचली तेव्हा तिथं कोणीच नव्हतं. तिला वाटलं दुसऱ्या वाटेनं उतरली असेल. काळूराम दुसऱ्या वाटेनं उतरला. दगडाच्या डाव्या अंगाला, जिथं लोक माती घ्यायला बसायचे, तिथली जमीन ओढ्याच्या घळीत निघून गेलेली त्यानं पाहिली. पाहिली, पण तेव्हा त्याला काही सुचलं नाही. लोकांना तर ती दिसलीच नव्हती. लोक देवाकडे बघत होते.

दुपारी खालच्या शेताचा बांध नीट करायला गेलेल्या माणसांना ती सापडली. ओढ्यानं आणलेल्या लाल गाळातून हिरव्या बांगड्यांचा हात वर आला होता. बाहेर काढली तेव्हा कमरेला फडकं खोचलेलं होतं आणि फडक्यात माती बांधलेली होती. गाठ सुटली नव्हती.

बातमी वर पोचल्यावर लोक महाराजांकडे बघायला लागले. महाराजांना शब्द सापडायला फार वेळ लागला नाही. एवढ्या वर्षांच्या सेवेत देवानं पहिल्यांदाच एक जीव पायाशी घेतला, त्या जिवाच्या पुण्यानं तो हातभर वर आला, असं त्यांनी सांगितलं. खाली काळूराम बायकोच्या तोंडावरचा चिखल पुसत होता, तेव्हा डोंगरावर तिच्या नावाचा जयजयकार चालला होता.

आता हा देव आला कुठून, ते सांगायला पाहिजे.

कुडवणच्या वरचा उतार पूर्वी झाडीचा होता. पण भातशेती म्हटली की राब आला. उन्हाळ्यात वाफ्यावर फांद्या, पाला आणि शेण पसरून ते भाजायचं आणि त्या राखेत भात पेरायचा, ही तिथली जुनी रीत. खालची झाडं ओरबाडून झाली तशी माणसं वरच्या उतारावर गेली. आधी फांद्या तोडल्या, मग फांद्याच उरल्या नाहीत म्हणून बुंधे गेले. उघड्या उतारावर कोणी नाचणी टाकली. दर पावसाळ्यात ओढा लाल होऊन वाहायला लागला आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ओढा सगळीकडेच लाल होतो.

त्या उतारावर एक दिवस गुराख्यांना एका दगडाचं गुळगुळीत डोकं दिसलं. ती पोरं त्यावर बसून भाकरी खात. पुढच्या वर्षी तो मांडीइतका वर आला आणि पोरं त्यावर चढून खाली उड्या मारायला लागली. कोणी नमस्कार केला नाही. त्यानंतर शंभूगिरी आला. ह्याच्याआधी तो घाटरस्त्यावरच्या एका ढाब्यावर भटारी होता, असं जीपवाले सांगत. स्वतः तो हिमालयातून आल्याचं सांगे. दोन्ही ठिकाणी धूर असतो, एवढंच साम्य. त्यानं दगडाला शेंदूर फासला, जमिनीलगत एक रेघ ओढली आणि गावाला सांगितलं, वैशाखी पौर्णिमेला या.

लोक गेले. रेघ चार बोटं वर आली होती. झालं. दगडाचा देव झाला आणि भटाऱ्याचा महाराज झाला.

तिथून पुढे दर वैशाखी पौर्णिमेला जमिनीलगत नवी रेघ ओढायची आणि जुनी किती वर गेली ते दाखवायचं, असा रिवाज पडला. दगडाचे पातळ पापुद्रे निघत. देव कात टाकतो, असं म्हणून ते ताईतात घालायला मिळत. कल्याण-डोंबिवलीहून लोक यायला लागले. महाराजांची बडबड ऐकण्यासारखी असे. "मुंबईवरून सायन्सवाले आले होते. यंत्र लावलं देवाला. काटा गरगर फिरला आणि यंत्र फुटलं. साहेब रडत गेला." कोणता साहेब, कसलं यंत्र, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याच्या घरी गाय आटते, हेही महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे ती माती. देवाला स्पर्शलेली माती राबात टाकली तर रोपं जोमानं येतात, असं महाराज म्हणाले आणि गाव तुटून पडलं. पेरणीच्या दिवसांत जो तो दगडाच्या बुडाशी बसून ओंजळ भरून न्यायचा. कुडवणच्या लोकांनी आपला देव आपल्याच हातांनी उकरून काढला आणि वर नवल केलं की तो वाढतो कसा.

गीताबाईचे दिवसवार उरकले तसा महाराजांचा माणूस काळूरामकडे आला. दगडाशेजारी "गीतामातेचं स्थान" केलंय, तिचा एखादा फोटो आणि नेहमीचं लुगडं द्या, आणि दर गुरुवारी तिथं येऊन बसा, लोकांना दर्शन होईल, असा त्याचा निरोप होता. काळूराम अंगणात दोरी वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. लुगडं मिळणार नाय, एवढंच बोलला. मग त्या लोकांनी बाजारातून कोरं लुगडं आणलं आणि तेच गीताबाईचं म्हणून टांगलं. नवस बोलणाऱ्यांना त्याचा काही फरक पडला नाही.

काळूराम पावसाळा संपल्यावर एकदा एकटा वर गेला. दगडाच्या डाव्या अंगाला एक ऐनाचं खोड होतं. त्याची मुळं हातभर हवेत लोंबत होती. खोड वाढलं नव्हतं, ते तर केव्हाच मेलेलं होतं. मग मुळं वर कशी आली? गीता जिथं बसून माती भरत असेल ती जागा त्याला बघायची होती, आणि ती जागाच आता नव्हती. दगड वाढला नाही. जमीन गेली. जाताना त्याची बायको घेऊन गेली.

त्यानं हे गावात बोलून दाखवलं. जावयानं, अनिकेतनं, हळूच समजावलं, "मामा, तुमी थोडे दिवस आराम करा." अनिकेत मुरबाडहून एसटीचा पास काढून कल्याणला कंपनीत जायचा, गावात शिकलेला म्हणून त्याचा मान होता, आणि महाराजांच्या मंडपात माईक तोच धरायचा. त्याचं घर, म्हणजे काळूरामच्या लेकीचं, बारकीचं घर, नेमकं त्या दगडाच्या खाली होतं. बाजूला आणखी तीन घरं होती. देवाच्या पायाशी जागा मिळाली म्हणून त्या चार घरांचा गावाला हेवा वाटे.

काळूराम शेवटी नम्रता जाधव बाईंकडे गेला. नम्रताबाई कुडवणच्याच बौद्धवाडीतल्या, शेजारच्या गावातल्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायच्या. गीताबाई गेल्यावर त्या भेटायला आल्या होत्या, पण तेव्हा दगडाबद्दल काही बोलल्या नव्हत्या. ऐनाच्या मुळांचं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "रविवारी माझ्याबरोबर एसटीनं चला, काळूदादा. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

टोकावड्याच्या पुढे, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे. दोघं तिथं उतरले. कापलेल्या भिंतीत पिवळट मुरूम आणि त्या मुरमात जागोजाग गोल दगड बसलेले, लाडवासारखे. प्रत्येकाभोवती कांद्यासारखे पापुद्रे. बाईंनी एका दगडाचा पापुद्रा नखानं उचकटला आणि काळूरामच्या हातावर ठेवला. हीच ती देवाची कात.

बाईंनी सांगितलं ते असं. हा सगळा डोंगर एके काळी अखंड काळा कातळ होता. त्याला भेगा पडल्या. उन्हानं तो तापतो, पावसानं निवतो, भेगांतून पाणी मुरतं आणि पाणी दगडाला कुजवतं. लाकूड कुजतं तसाच दगडही कुजतो, फक्त फार सावकाश. कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी पाणी लागतं म्हणून कोपरे आधी जातात आणि मधला गाभा गोल राहतो. कुजलेल्या भागाचा मुरूम होतो, मुरमाची माती. झाडं असली तर मुळं ती माती धरून ठेवतात. झाडं गेली की पाऊस ती धुऊन नेतो. मऊ माती जाते, घट्ट गाभा जागेवर राहतो, आणि आपल्याला वाटतं तो वर आला.

काळूरामनं पापुद्रा हातात चुरगळला. "आमची विहीर खणली तवा असले गोटे निघाले होते," तो म्हणाला. "एक विहिरीच्या कडंला टाकलाय. गीता त्याच्यावर धुणं आपटायची."

"मग तो ह्याचाच भाऊ."

तो कधी नव्हे तो हसला. मग बाईंनी विचारलं, वरच्या दगडाच्या खाली कोण राहतं? आणि त्याचं हसू गेलं. डाव्या अंगाची जमीन एकदा गेली होती. पुढच्या अंगाची गेली की त्या दगडाला अडवायला काही नव्हतं. खाली बारकी होती.

तो तसाच लेकीकडे गेला. पावसाच्या आत माझ्याकडे राहायला या, असं सांगितलं. बारकी आधी नुसती भांडी घासत राहिली. नवरा ऐकणार नाही, असं म्हणाली. महाराजांनी सांगितलंय, देवाचे पाय सोडून जो जाईल त्याचा वंश खुंटेल, असं म्हणाली. मग हात थांबवून बापाकडे बघत बोलली, "बा, आय देवाच्या पायाशी गेली असं समदे म्हणतात. तुमी म्हणता मातीत गेली. मी कोणतं धरून जगू?"

काळूराम म्हणाला, "ती परत येत नाय, पोरी. तू हायेस." आणि उठून आला.

पंचायतीत सांगून पाहिलं. सरपंच म्हणाले, देवाच्या कामात पंचायत पडत नाही. महाराजांच्या मंडपाला पंचायतीनंच रस्ता करून दिला होता, तेव्हा मात्र पडली होती.

युक्ती सुचली ती काळूरामला. बाई शाळेच्या ओसरीवर त्याला म्हणत होत्या की दगड वाढत नाही हे दाखवायला न हलणारी एखादी खूण पाहिजे, जमिनीवरून मोजून उपयोग नाही, जमीनच खाली जातेय. न हलणारी खूण म्हटल्यावर त्याला आठवलं. मंडपाचे खांब मागच्या उघड्या कातळावर उभे केले तेव्हा महाराजांनी हट्ट धरला होता की पत्रे देवाच्या डोक्यापेक्षा खाली नकोत. कमळू गवंड्यानं पाण्याच्या नळीनं देवाच्या डोक्याची लेव्हल काढून कातळावर छिन्नीनं खूण मारली होती. नळीचं दुसरं टोक श्रमदानाला आलेल्या काळूरामनंच धरलं होतं. तेव्हापासून महाराजांच्या हिशेबानं देव कमरेइतका वाढला होता. मग त्याचं डोकं त्या खुणेच्या कमरेइतकं वर असायला पाहिजे.

कमळू यायला तयार नव्हता. देवाची परीक्षा घ्यायची नाय, म्हणाला. बाई म्हणाल्या, परीक्षा देवाची नाही, तुमच्या खुणेची आहे. देव खरंच वाढला असेल तर लोक म्हणतील कमळूनं लेव्हल चुकीची काढली. कमळूनं तंबाखू थुंकली. "माजी लेव्हल चुकत नाय, बाई," तो म्हणाला, आणि नळी काढायला आत गेला.

वैशाखी पौर्णिमेला उतारावर पाय ठेवायला जागा नव्हती. नम्रताबाई सकाळची बुद्धवंदना आटोपून तशाच पांढऱ्या साडीत आल्या होत्या. महाराजांनी नेहमीप्रमाणं रेघ ओढली, अनिकेतनं माईकवर आकडा सांगितला, शंख वाजला. मग बाई पुढे होऊन नमस्कार करून म्हणाल्या, देवाची वाढ नळीनं मोजून सगळ्यांना दाखवू या, म्हणजे शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद होतील.

महाराज हसले. "बाई, तुमचा देव वेगळा, आमचा वेगळा. तुम्हाला ह्यातलं काय कळणार?"

"पाण्याला सगळे सारखेच, महाराज. ते कोणाच्याही हातात एकाच उंचीला उभं राहतं."

गर्दीतले लोक म्हणाले, मोजू द्या की. त्यांना देव वाढलेला बघायचाच होता. महाराजांना आता नाही म्हणता येईना. मोजायचं म्हणजे जमिनीपासून मोजायचं असंच त्यांना वाटत होतं. खूण त्यांच्या लक्षातही नसावी.

कमळूनं कातळावरचा शेवाळलेला भाग खरवडला. छिन्नीची खूण निघाली. गावातल्या म्हाताऱ्यांनी ती ओळखली. नळी पाण्यानं भरली, बुडबुडे काढले. एक टोक कमळूनं खुणेपाशी धरलं. दुसरं टोक घेऊन काळूराम शिडीवरून देवाच्या डोक्याशी गेला. पाणी हललं, खाली-वर झालं आणि थांबलं.

देव वाढला असता तर पाणी त्याच्या डोक्याच्या दोन हात खाली दिसायला हवं होतं. कमरेइतकं तरी. पाणी खाली नव्हतं. दगडाच्या माथ्याला नळी टेकवून काळूराम वाकून बघत होता. मग त्यानं अनिकेतला वर बोलावलं, शिकलेला म्हणून. अनिकेतनं बघितलं. खाली उतरून त्यानं कमळूला जाऊन सांगितलं, तुमचं टोक सरकलंय. कमळूनं टोक खुणेवर पुन्हा नीट धरलं, हात घट्ट कातळाला लावून. पुन्हा मोजलं. तेच.

"काय दिसतंय रे?" खालून कोणीतरी विचारलं.

अनिकेतनं माईक बाजूला ठेवला होता. तो नुसताच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पाणी देवाच्या डोक्याच्या दोन बोटं वर हाय."

लोकांना उलगडेना. बाईंनी साध्या शब्दांत सांगितलं. देव एक बोटही वाढलेला नाही. उलट दोन बोटं खाली गेलाय. डावीकडची माती गेल्यावर तो कललाय. पुढच्या अंगाला, उताराकडे.

सगळ्यांनी उताराकडे पाहिलं. खाली चार घरं होती. एका घराच्या दारात बारकीनं वाळत घातलेले पापड दिसत होते.

महाराज म्हणाले, कातळसुद्धा वाढला असणार, देवाच्या सान्निध्यात कातळही वाढतो. हे ऐकून कमळू गवंडी पहिल्यांदा चिडला. कातळ वाढला असता तर माज्या मंडपाचे पत्रे फाटले असते, म्हणाला. एक-दोघं हसले. हसणं हे महाराजांच्या मंडपात नवीनच होतं.

काळूराम शिडीवरून उतरला. भाषण त्याला येत नव्हतं. तो दगडाच्या बुडाशी बसला, जिथं सगळे माती घ्यायला बसत, आणि ओंजळभर माती हातात घेतली.

"ही मी पण नेलीय," तो म्हणाला. "तुमी समद्यांनी नेलीय. वरून पाऊस नेतो, खालून आपण नेतो. झाडं आपणच राबाला तोडली. देव वाढला नाय. आपण त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली. माझी बायको त्या जमिनीवर बसली होती."

मग तो महाराजांकडे वळला. "महाराज, तुमची झोपडी कातळावर हाय. मंडप कातळावर हाय. इतके पावसाळे झाले, एक रात तरी देवाच्या खालच्या अंगाला निजलात? औंदा बारकीच्या घरात राहा. दसऱ्यापर्यंत. ती तुमच्या झोपडीत राहील."

महाराजांनी डोळे मिटले. चातुर्मासात आपल्याला नर्मदेकाठी जायचा संकल्प आहे, असं ते म्हणाले. आजवर एकाही चातुर्मासात त्यांना नर्मदा आठवली नव्हती.

खालच्या घरातली म्हातारी भिमी समोरच बसली होती. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "म्हणजे देवाचे पाय आमाला," ती म्हणाली, "आन कातळ तुमाला व्हय?"

ह्यावर मात्र सगळा उतार हसला.

शंभूगिरी त्याच आठवड्यात गेला. देवाला सोडून गेला, मंडपाचे पत्रे मात्र टेम्पोत घालून नेले. नर्मदेवरही ऊन-पाऊस असणारच. "गीतामातेचं" लुगडं टांगलेलं राहिलं होतं ते काळूरामनं उतरवलं आणि सावळीच्या शेळीच्या गोठ्यात आडोशाला दिलं.

बारकी मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी भांडी डोक्यावर घेऊन बापाच्या घरी आली. मागून अनिकेत देवघर आणि टीव्ही घेऊन आला. मामांकडे त्यानं बघितलं नाही. काळूरामनं टीव्हीसाठी कोपरा मोकळा करून दिला. बारकीनं आईच्या जागी चूल पेटवली, चहा ठेवला आणि म्हणाली, "बा, आय मातीत गेली. मी तेच धरलंय."

एवढ्यावर गाव शहाणं झालं, असं ज्याला वाटेल त्यानं कुडवणला जाऊन यावं. महाराज लबाड होता, पण देव खरा आहे, असं आता लोक म्हणतात. शेंदूर अजून लागतो. नळीत दोन बोटं दिसली ती सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितली, दगड घसरायच्या आत फोडायला हवा हेही कळलं, आणि तरी त्याला पहिला घाव घालायला कोणी तयार नाही. वडार बोलावले होते. ते आले, शेंदूर बघून परत गेले. तीन घरांतल्या माणसांना हलायचं आहे, पण मुहूर्त सापडत नाही. मुहूर्त पंचांगात बघतात. ओढ्याच्या पाण्याचा रंग बघायला कोणी जात नाही.

बाईंचं म्हणणं साधं आहे आणि ते सगळ्यांना कळण्यासारखं आहे. एखादी गोष्ट वाढली असं कोणी सांगितलं, तर ती कशाच्या मानानं वाढली, हे आधी विचारा. न हलणारी खूण शोधा आणि मग मोजा. मोजायला नळी आणि पाणी पुरतं. जो मोजू देत नाही, त्याच्यापासून लांब राहा. आणि उतार उघडा केला असेल तर झाडं लावा, कारण माती कोणाच्या पुण्यानं थांबत नाही. ती मुळांनी थांबते.

पाणी आणि माती अडवायला उतारावर आडवे चर खणायचे आहेत. अजून एकही खणलेला नाही. रोपं शाळेच्या ओसरीवर पिशव्यांत पडून आहेत. भिमी आणि बाकीची दोन घरं अजून खालीच राहतात. मृग जवळ आला आहे, आणि दगड फोडायचा राहिला आहे.